बोलता येईल इतक्याच वेगानं

पुण्याबाहेर जायचं ठरलं की लोक आधी गाडीची वेळ बघतात, मी गोळीची बघतो. हृदय कमजोर झालेल्या माणसाच्या अंगात पाणी साठू नये म्हणून लघवीची एक गोळी रोज सकाळी घ्यावी लागते. ती घेतल्यावर पुढचे दोन-तीन तास त्या माणसानं एसटीत बसू नये, निदान वाघोलीच्या कोंडीत सापडणाऱ्या एसटीत तरी नाहीच. डॉक्टरांना विचारून मी यावर तोडगा काढला आहे. प्रवासाच्या दिवशी गोळी मुक्कामी पोचल्यावर घ्यायची. हृदयविकारावरच्या पुस्तकांत हे कुठं लिहिलेलं नसतं. पण घराबाहेर पडणं आणि घरात बसून राहणं यातला फरक पुष्कळदा एवढाच असतो.

माझ्या दुखण्याचं नाव लांबलचक आहे: डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. हृदयाच्या डाव्या कप्प्याचा स्नायू ताणून सैल पडला आहे. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला कप्प्यातलं निम्म्याहून जास्त रक्त पुढं ढकलतं. माझं तीस टक्केही ढकलत नाही. अशा हृदयाची लय कधीही बिघडून ते भलतंच धावू लागेल अशी भीती असते, म्हणून डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, एक यंत्र बसवलं आहे. आयसीडी म्हणतात त्याला. लय बिघडली तर ते आतल्या आत विजेचा झटका देतं. मला तो एकदा बसला आहे. त्यावर जास्त लिहीत नाही. इतकंच सांगतो की झटक्यापेक्षा तो पुन्हा बसेल ही धास्तीच माणसाला जास्त दिवस खुर्चीत बसवून ठेवते. जिन्याची पहिली पायरी समोर आली की हात आपोआप छातीवर जातो.

त्यात घरचे. दुखण्यापेक्षा मायाच माणसाला जास्त बसवून ठेवते असं माझं मत झालं आहे. पिशवी उचलली की कुणीतरी हातातून काढून घेतं. नळाचा वॉशर बदलायला पाना हातात घेतला की सौ. म्हणते, "अहो, राहू द्या, प्लंबर येईल." मी आयुष्यभर आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो. माझ्या घरात वॉशर बदलायला प्लंबर येतो, हे मला हृदयविकाराहून जड गेलं. इस्पितळातून घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांनी डॉ. अभय बंगांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' आणून दिलं. एकानं नाही, बऱ्याच जणांनी. मराठी घरात हृदयविकार शिरला की त्याच्या मागोमाग हे पुस्तक येतंच. बंगांचं दुखणं रक्तवाहिन्यांचं, माझं स्नायूचं. सारखेपणा फार नाही. पण त्या दुखण्यानंतरही गडचिरोलीतलं त्यांचं काम थांबलं नाही. नवजात बाळांच्या घरोघरी घ्यायच्या काळजीबद्दलचा त्यांच्या 'सर्च' संस्थेचा अभ्यास 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. मला त्या पुस्तकातल्या पथ्यापाण्यापेक्षा ही गोष्ट जास्त धीर देणारी वाटली.

पाबळला माझा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे: गेट, ग्रिल, गोठ्याचे पत्रे, ट्रॉलीची दुरुस्ती. "सर, आठवडाभर या, हवा चांगली आहे," असं तो कधीपासून म्हणत होता. जानेवारीत थंडी जरा ओसरल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि घरच्यांनी नाही म्हणायचं फक्त टाळलं.

नगर रस्ता म्हणजे पुणेकराच्या संयमाची परीक्षा. वाघोली, लोणीकंद, भीमेवरचा पूल, कोरेगाव, सणसवाडी. दोन्ही बाजूंना कारखाने, गोदामं, हॉटेलं आणि मधे कंटेनरांची रांग. शिक्रापूरच्या चौकात चाकणची, रांजणगावची आणि पुण्याची वाहतूक एकमेकींच्या अंगावर येते. तिथं उतरलो तर विद्यार्थी छोटा टेम्पो घेऊन उभा होता. नगर रस्ता सोडून डावीकडं, उत्तरेला वळलो आणि दहा मिनिटांत आवाज मागं पडला. जमीन उघडी दिसू लागली. हा पर्जन्यछायेचा पट्टा. सह्याद्री ओलांडताना ढग रिकामे होतात आणि इकडं उरलंसुरलं येतं. ज्वारी पोटऱ्यात येऊन भरलेली, कांद्याचे हिरवे वाफे, कुठं डाळिंबाची बाग, आणि बाकी माळ. चढ-उतार आहेत, पण दम काढणारे नाहीत. असल्या गोष्टी आता माझ्या नजरेत आधी भरतात. दुसरा माणूस डोंगर बघतो, मी रस्त्याचा चढ मोजतो.

विद्यार्थ्याच्या आईनं दारातच पाणी दिलं. तांब्याभर. मी दोन घोट घेऊन तांब्या खाली ठेवला तर तिला वाईट वाटलं. दिवसभराचं पाणी, चहा, ताक, आमटी सगळं धरून दीड लिटरच्या आत राहायचं असतं, हे तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि छातीकडं बोट दाखवून विचारलं, "आन् ह्ये मशीन काय करतं, गुर्जी?"

मी म्हणालो, "हृदय भलतंच पळायला लागलं तर त्याला झटका देऊन जाग्यावर आणतं."

"म्हंजी बैल उधळला की वेसण वढायची."

आयसीडीचं याहून नेमकं वर्णन मला इस्पितळातही कुणी करून दिलं नव्हतं. 

पाबळ म्हटलं की शिक्षणाच्या क्षेत्रातल्या माणसाला एकच नाव आठवतं, विज्ञान आश्रम. त्याचे संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. अमेरिकेतून पीएच.डी. करून आलेले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि पुढं हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. पन्नाशी उलटल्यावर, निवृत्तीच्या बेताची आखणी करायच्या वयात, त्यांनी नोकरी सोडली आणि 1983 साली या दुष्काळी गावाच्या माळावर बस्तान मांडलं. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं छत्र होतं. शाळेतून गळालेली, पुस्तकाला कंटाळलेली पोरं हाताशी घ्यायची आणि हातानं काम करता करता विज्ञान शिकवायचं, हा त्यांचा प्रयोग. वर्षभर मुलं इथंच राहतात. वर्कशॉप, शेती आणि पशुपालन, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य अशा चार विभागांत फिरतात, आणि नुसतं शिकत नाहीत, गावाला लागणारी कामं पैसे घेऊन करून देतात. 2003 साली कलबाग गेले. आश्रम चालू आहे.

आश्रमाच्या आवारात शिरताच त्रिकोणी चौकटींचे घुमट दिसतात. लोखंडी सांगाडा, वर जाळी आणि सिमेंट. 'पाबळ डोम' या नावानं ते ओळखले जातात. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिकडंही असे घुमट उभे राहिले. खांब नाही, तुळई नाही, आणि कमी लोखंडात मोठी जागा झाकली जाते. जीपचे सुटे भाग जोडून केलेला छोटा ट्रॅक्टर, जमिनीचा विद्युतरोध मोजून विहिरीची जागा सुचवणारं यंत्र, अशा कितीतरी गोष्टी या वर्कशॉपनं केल्या. अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड 2002 च्या सुमारास ज्या पहिल्यावहिल्या फॅब लॅब एमआयटीच्या बाहेर घेऊन गेले त्यांत इथली एक. आज तिथं संगणकावर चालणारी कापणी यंत्रं आहेत, आणि शेजारीच हातोडा-ऐरण. फिटर माणसाला दोन्हींत सारखाच आनंद.

मुलं वेल्डिंग करत होती. निळा उजेड, जळक्या फ्लक्सचा वास, होल्डर टाकल्याचा खण्ण आवाज. माझे पाय आपोआप तिकडं वळले आणि शेडच्या दाराशीच थांबले.

आर्क वेल्डिंगमध्ये शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह केबलमधून वाहतो आणि भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. छातीतल्या यंत्राला ते क्षेत्र हृदयाची बिघडलेली लय वाटू शकतं. मग ते विनाकारण झटका देईल, किंवा गोंधळून गरजेच्या वेळी गप्प बसेल. यंत्र बनवणाऱ्या कंपन्या त्यासाठी नियम देतात: प्रवाह मर्यादेत ठेवा, ठिणगी आणि यंत्र यांत दोन फुटांहून जास्त अंतर ठेवा, केबलची गुंडाळी अंगाजवळ नको, ओल्या जागी काम नको. नियम पाळून वेल्डिंग करणारे लोक आहेत. माझ्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं, तुम्ही सोडा. मी सोडलं. हजारो पोरांना मी होल्डर धरायला शिकवला, आणि आता दाराबाहेरून टाके बघतो. एका मुलाचा टाका तुटक पडत होता. हात फार भरभर सरकत होता. "इलेक्ट्रोड तिरपा धर, आणि सावकाश," मी दारातून ओरडलो. त्यानं काच वर करून पाहिलं, कोण हा म्हातारा असं. पुढचा टाका बरा आला.

वेल्डिंग बंद म्हणजे काम बंद असं मात्र नाही, आणि हे मला पाबळमध्ये जितकं पटलं तितकं पुण्यात पटलं नव्हतं. सुतारकामाच्या बाजूला एक मुलगा करवतीनं फळी कापत होता. करवत अडकत होती. मी त्याच्याकडून ती घेतली, जरा तेल लावलं, आणि संथपणे आठ-दहा हात मारले. उजव्या हातानं, डाव्याला ओझं न देता, श्वास न कोंडता. श्वास कोंडून जोर लावला की छातीत दाब एकदम वाढतो आणि रक्तदाब वरखाली होतो, म्हणून अवजड उचलणं, अडकलेला नट ताकद लावून सोडवणं हे आमच्यासारख्यांना वर्ज्य. करवत मात्र ढकलताना श्वास सोडता येतो, ओढताना घेता येतो. 

आणि करवतीचा आमच्या दुखण्याशी जुना संबंध आहे. विल्यम हेबरडेन या इंग्रज वैद्यानं 1772 साली छातीत कळ येणाऱ्या दुखण्याचं, अँजायनाचं, पहिलं नीट वर्णन प्रसिद्ध केलं. चालताना, विशेषतः जेवणानंतर चढ चढताना, छातीत आवळल्यासारखं होतं आणि थांबलं की जातं, हे त्यानं टिपलं. त्याच्या मृत्यूनंतर 1802 साली त्याची टिपणं पुस्तकरूपानं आली. त्यात तो एका रोग्याबद्दल सहज लिहून जातो की हा माणूस रोज अर्धा तास लाकूड कापायचा आणि जवळजवळ बरा झाला. कार्डिअ‍ॅक रिहॅबिलिटेशन हे भारदस्त नाव जन्मायच्या दीडशे वर्षं आधी. त्या सुताराला, की हौशी लाकूडकाप्याला, कुणी 'अहो राहू द्या' म्हणणारं नव्हतं की काय!

गंमत अशी की पुढच्या वैद्यकानं हे धागे सोडून दिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे पाठीवर निजवून ठेवत. कुशीवर वळायचं तरी नर्सच्या मदतीनं. पायांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात, आणि झटक्यातून वाचलेला माणूस अंथरुणानं मरे. 1952 साली बॉस्टनमधल्या सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी रोग्यांना पहिल्या काही दिवसांतच उठवून खुर्चीत बसवलं. तेवढ्यासाठी त्यांना सहकाऱ्यांचा रोष पत्करावा लागला. खुर्ची! आज आम्हाला जिच्यातून उठवायचे प्रयत्न चालतात, ती एकेकाळी क्रांती होती. पुढं 1966 साली अमेरिकेत डल्लासला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्याचा प्रयोग झाला. त्यांची श्रम करण्याची ताकद झपाट्यानं ढासळली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं तेव्हा दिसलं, की तीस वर्षांच्या वयानं जेवढी ताकद नेली होती त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या लोळण्यानं नेली होती. सौभाग्यवतीला मी हा प्रयोग सांगितला आहे. ती म्हणाली, "ती पोरं विशीतली होती ना?" या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मस्तानीच्या समाधीकडं चालत निघालो. सोबत विद्यार्थ्याच्या शेजारचे एक आप्पा. निवृत्त माणूस, बोलायला भारी. मला असा सोबती लागतोच, आणि त्यामागं वैद्यकीय कारण आहे. इतर लोक व्यायामात नाडी मोजतात. मी जी औषधं घेतो त्यांतलं एक, बीटा ब्लॉकर, नाडीला मुद्दाम आवर घालतं. मी धापा टाकत असलो तरी नाडी साळसूद असते. म्हणून आमच्यासारख्यांना दुसरी मापं देतात. स्वीडनच्या गुनार बोर्ग या मानसशास्त्रज्ञानं सहा ते वीस असे आकडे आखून दिले. श्रम किती वाटतात ते माणसानं स्वतःच सांगायचं. मला साधारण अकरा ते तेराच्या मधे राहायला सांगितलं आहे, म्हणजे 'हलकं' आणि 'थोडं जड' यांच्या दरम्यान. पण त्याहून सोपं माप आहे: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. गाता आलं तर वेग फार कमी आहे, आणि बोलताना वाक्य तुटलं तर फार जास्त.

आप्पांना हे काही सांगितलेलं नव्हतं. ते कांद्याचे भाव, नातवाची नोकरी, चासकमान धरणाच्या पाण्याचं राजकारण असं एकामागून एक काढत होते. मी उत्तरं देत होतो. एका छोट्या चढावर माझी उत्तरं 'हं' आणि 'बरं' एवढ्यावर आली, तसे तेही नकळत मंदावले. कुणाला उत्तर हवं असेल तर तो आपोआप उत्तर देणाऱ्याच्या वेगानं चालतो. रिहॅबच्या केंद्रात ट्रेडमिलवर तारा लावून मला जे शिकवलं, ते आप्पा कांद्याच्या भावावर शिकवत होते. त्या केंद्रांची मला किंमत आहे. पहिले आठवडे ईसीजीच्या देखरेखीखाली चाललो नसतो तर भीती गेलीच नसती. पण आपल्याकडं ती मोठ्या शहरांत आणि थोड्याच इस्पितळांत. मुंबई मॅरेथॉनमध्ये बायपास झालेल्यांचे गट धावतात ते अशाच देखरेखीतून तयार झालेले. खेड्यातल्या हृदयरोग्याच्या वाट्याला येतात ते दोनच सल्ले. डॉक्टर म्हणतात चालत जा, आणि घरचे म्हणतात पडून राहा.

मस्तानीची समाधी साधी आहे. भिंतीच्या आवारात दगडी चौथरा. हिंदू तिला समाधी म्हणतात, मुसलमान मजार, आणि दोघांच्याही चादरी-फुलं येतात. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं बाजीरावांनी तिला इनाम दिली होती असं सांगतात. 28 एप्रिल 1740 ला नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले आणि पाठोपाठ मस्तानी. तिचा अंत कसा झाला याबद्दल दंतकथाच जास्त. कुणी विष म्हणतं, कुणी अंगठीतला हिरा. आप्पांचं मत ठाम होतं: "काय विष न् काय. बातमी कानावर आली आन् काळीजच फाटलं बाईचं."

मी हसलो नाही. काळीज फाटणं ही नुसती बोलायची गोष्ट नाही हे मला ठाऊक आहे. मोठा मानसिक आघात झाल्यावर हृदयाचा डावा कप्पा टोकाशी एकाएकी फुगून लुळा पडतो, रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही. बहुतेक वेळा हे उतारवयातल्या बायकांना होतं. जपानी डॉक्टरांनी 1990 च्या सुमारास त्याचं वर्णन केलं, आणि फुगलेल्या कप्प्याचा आकार तिथल्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो म्हणून त्याला ताकोत्सुबो हे नाव दिलं. बहुतेक रोगी काही आठवड्यांत सावरतात. मस्तानीचं काय झालं ते कुणी सांगू शकत नाही, आणि अडीचशे वर्षांहून जुन्या माणसाचं निदान करणं हा रिकामटेकडेपणा आहे. तरी छातीत फुगलेला कप्पा घेऊन मी त्या चौथऱ्याशी उभा होतो, त्यामुळं आप्पांचं निदान मला इतिहासकारांच्या निदानापेक्षा आवडलं.

परतताना ते घाई करू लागले. ऊन उतरत होतं. "अंधाराच्या आत घरी पोचायला पायजे. बिबट्या हाय." शिरूर आणि जुन्नर तालुक्यांत उसाच्या फडांत बिबटे वाढले आहेत आणि माणसांवर हल्ले होतात, हे आता तिथं रोजचं आहे. म्हणजे एकीकडं बिबट्याच्या भीतीनं पाय उचला, दुसरीकडं हृदयाच्या भीतीनं सावकाश. मी आप्पांना थांबवलं आणि सांगितलं, आपण पुढच्या वेळी अर्धा तास आधी निघू, पण वेग हाच राहील. मागून एक दुचाकीवाला आला. त्यानं आग्रह केला आणि मी मुकाट्यानं बसलो. हृदयरोग्याला मानपान परवडत नाही.

रात्री शेतात हुरड्याचा बेत होता. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजून, तळव्यावर चोळून गरम दाणे समोर येतात. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हुरडा मला चालतो, चटणी नाही, कारण मीठ. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं आणि कमजोर हृदयाला ते पाणी उपसवत नाही. विद्यार्थ्याच्या आईनं माझ्यासाठी बिनमिठाचं तिखट कुटून ठेवलं होतं: तीळ, लसूण, मिरची, लिंबू. दोन दिवसांपूर्वी तांब्याभर पाणी नाकारल्याचा राग मनात न ठेवता.

सकाळी वजन. हा आमचा रोजचा नेम. उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं, आणि मग डॉक्टरांना फोन. पाबळच्या घरी काटा नव्हता. दुकानात होता, लोखंड तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा. मी रोज सकाळी अँगल आणि पट्ट्यांच्या मधे उभा राहून वजन करून घेई आणि दुकानातला पोऱ्या ते भंगाराच्याच वहीत लिहून ठेवी. तिसऱ्या सकाळी वजन जागच्या जागी, पण अंगात त्राण नव्हतं. पायऱ्या उतरतानाच कळलं. त्या दिवशी चाललो नाही. ओसरीवर बसून विद्यार्थ्याच्या मुलीला व्हर्निअर कॅलिपर वाचायला शिकवलं. तिला कंटाळा आला तेव्हा झोपलो. हातपाय हलते ठेवायचे याचा अर्थ रोज हट्टानं हलवायचे असा नाही, हे लोकांना पटवणं कठीण. एकतर ते तुम्हाला अंथरुणात घालतात, नाहीतर मॅरेथॉनला पाठवतात.

2009 साली अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधल्या 2,331 रोग्यांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे माझ्यासारखेच, डावा कप्पा पस्तीस टक्के किंवा त्याहून कमी रक्त पुढं ढकलणारा. निम्म्यांना नेमानं व्यायाम दिला, निम्म्यांना नेहमीचे उपचार. मृत्यू आणि इस्पितळात भरती यांत फरक निघाला तो अगदी बेताचा, आणि तोही आकडेमोडीत इतर गोष्टींचा हिशेब धरल्यावर. पण व्यायाम करणाऱ्यांना अपाय झाला नाही आणि त्यांना जगणं जरा बरं वाटू लागलं. चमत्काराच्या कहाण्यांपेक्षा हा रुक्ष निष्कर्ष मला भरवशाचा वाटतो. आयुष्य किती वाढेल ते कोण जाणे, आहे त्यात चालता येईल. सौदा वाईट नाही.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा आश्रमात गेलो. वेल्डिंगच्या दाराबाहेर ओरडणारा म्हातारा मुलांच्या लक्षात होता. तो तुटक टाक्याचा मुलगा वाईसमध्ये पट्टी अडकवून कानस मारत होता, आणि ती मधे फुगलेली निघत होती. सगळ्या नवशिक्यांची निघते. कानस वरखाली डोलते, सपाट जात नाही. मी पाय कसे ठेवायचे ते दाखवलं, कोपर कुठं, वजन कुठं, गुण्या लावून उजेड कुठून येतो ते बघायला सांगितलं. त्याच्या पट्टीवर थोडे हात मीही मारले. पुढं ढकलताना श्वास सोडायचा, मागं येताना कानस उचलायची. तो म्हणाला, "सर, तुम्ही दम लागल्यासारखं करताय."

"लागलेला नाही. लागू देत नाही."

"पावसाळ्यात नवीन बॅच येते. तेव्हा येता का शिकवायला?"

त्यानं हे स्वतःच्या मनानं विचारलं. त्याच्या हातात काही नव्हतं. तरी आम्ही दोघं गंभीरपणे वाटाघाटीला बसलो. मी म्हणालो, सकाळी दोन तास, त्याहून जास्त नाही. वेल्डिंगची शेड दुसऱ्या टोकाला पाहिजे. वाईस माझ्या कोपराच्या उंचीला बसवायचा, वाकून काम करणार नाही. अवजड जॉब उचलायला एक मुलगा. आणि ज्या दिवशी मी नाही म्हणेन त्या दिवशी का विचारायचं नाही.

त्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "आणि बसायला?"

"उंच स्टूल," मी म्हणालो. "पाठ असलेलं नको."